बूच नसलेलं तेल

अमेरिकेतल्या उपनगरात घरामागे एकरभर हिरवळ आली की लॉन ट्रॅक्टर येतो, आणि आजकाल त्यात बहुधा हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं. क्लच नाही, गिअर नाही. एक पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1965 साली कब कॅडेट 123 मध्ये ही चैन आणली. माझं म्हणणं असं की ही सोय फार चांगली आहे आणि म्हणूनच तिची आबाळ होते. गिअर बिघडला की खडखडतो, क्लच जळका वास सोडतो. हायड्रो मात्र सोसत राहतं, आणि सोसणाऱ्याची चौकशी करण्याची पद्धत ना घरात आहे ना गॅरेजात.

आत सगळा कारभार तेलाचा. इंजिनाचा पट्टा पंप फिरवतो. पंपातली तबकडी तिरपी झाली की छोटे पिस्टन तेल ढकलतात, ते तेल मोटर फिरवतं आणि मोटर चाकं. तबकडी सरळ झाली की ट्रॅक्टर जागच्या जागी. तेल तापून पातळ झालं किंवा पिस्टन झिजले, की ते ढकललं जाण्याऐवजी कडेने निसटतं. म्हणून सकाळी तरातरा चढ चढणारा ट्रॅक्टर अर्ध्या तासाने त्याच चढावर मान टाकतो. मालक चहा पिऊन येईस्तोवर तो निवतो, पुन्हा चालू लागतो, आणि मालक 'झालं की नीट' म्हणून दुखणं आणखी एक मोसम अंगावर काढतो.

यावर लोक म्हणतात, कंपनीच सांगते ना, सीलबंद आहे, बघायला नको! टफ टॉर्कचं के 46 घ्या. कितीतरी घरगुती ट्रॅक्टरांखाली हेच असतं आणि त्याला तेल काढायचं बूचच नाही. पण आत लोहचुंबक बसवलेत. झीज होणारच नव्हती, तर लोखंडाचा कीस गोळा करायला ते कशाला ठेवले? शिवाय महागड्या यंत्रांखाली बसणाऱ्या हायड्रो-गिअरच्या झेडटी-3400 ट्रान्समिशनला बाहेर फिल्टर असतो, आणि पहिलं तेल 75 तासांनी, मग दर 400 तासांनी बदला, असं सांगितलेलं असतं. तेल तेच काम करतं. फरक आहे तो गिऱ्हाइकाच्या खिशात.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. बूच नसलेल्याचं तेल बदलायचं म्हणजे चाकं काढा, पट्टा उतरवा, सगळं धूड खाली घेऊन पालथं घाला. भरल्यावर मागची चाकं अधांतरी ठेवून, बायपास (तेलाला मोटर चुकवून जाऊ देणारी झडप) उघडा ठेवून, पेडल पाच-सहा वेळा पुढे-मागे करून हवा काढा. मग बायपास मिटवून तेच पुन्हा. मजुरी देऊन करायचं तर नाकापेक्षा मोती जड. सपाट, चिमुकली हिरवळ असेल तर मीही म्हणेन, राहू द्या. पण ट्रान्समिशनच्या पंख्यावर आणि खाचांत अडकलेला गवताचा चुरा झटकायला कवडी लागत नाही, आणि त्या चुऱ्यामुळे तेल आणखी तापतं. बंद ट्रॅक्टर ढकलण्याआधी मागचा बायपासचा दांडा ओढायलाही काही पडत नाही. आणि नवा घ्यायला गेलात, तर कपहोल्डर किती आहेत ते मोजण्याआधी जरा वाकून खाली बूच आहे का, ते बघा.