पाया पक्का

इस्लापूरच्या बसस्टँडवर 'पाया' कुठं राहतो म्हणून विचारा, कोणीही घर दाखवील. १३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले, म्हणूनच पोरगं घाबरलं. आमच्याकडची हुशार पोरं अकरावीला लातूर नाहीतर नांदेड गाठतात. आता यालाही जाणं आलं. जाण्याआधी सगळे विषय एकदा 'बघून घ्यायचे' त्यानं ठरवलं. त्याच वर्षी अकरावीचा प्रवेश पहिल्यांदा राज्यभर ऑनलाइन झाला आणि याद्या लांबल्या. बाकीच्यांचे बाप ऑनलाइनच्या दुकानात घामाघूम, हा मात्र खूश. खाली उतरायला सवड मिळाली.

कारण याची उजळणी पुढं सरकतच नाही, खाली उतरते. अकरावीचं फिजिक्स उघडलं, तर दुसऱ्याच धड्यात डेरिव्हेटिव्ह. "पाया कच्चा हाय," म्हणून मिटलं. दहावीचं गुरुत्वाकर्षण काढलं, तर त्यातली समीकरणं नववीची. सरावाला सहस्रकुंडचा धबधबा घेतला. पैनगंगेला पाणी आलं की अर्धा जिल्हा तिथं लोटतो. पोरं भिजत होती, कणसं खात होती; हा लांब उभा राहून वहीत मांडत होता, की पाणी तळाशी पोचताना वेग किती? दोन गुणिले ९.८ गुणिले उंची, आणि त्याचं वर्गमूळ. तिथं अडला. वर्गमूळाला भागाकार लागतो, भागाकाराला पाढे. संध्याकाळी ओट्यावर एकोणतीसचा पाढा सुरू.

"काय करायलास रे?"

"अकरावीची तयारी करायलो, काका."

ही खोड त्याची एकट्याची नाही. याची सहावी करोनात मोबाइलवर गेली. सातवीत गेल्या गेल्या सरकारनंच ४५ दिवसांचा 'सेतू अभ्यास' लावून मागचं घोकायला बसवलं. त्यात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या पोरानं अकरावीला सायन्स एकदम इंग्रजीतून वाचायचं. मागं सरकावंसं वाटणारच. पण किती?

चौथीच्या 'शिवछत्रपती'त तो आठवडाभर रमला. अभ्यासात धरावं का, हे त्यालाही सांगता येईना. पाढ्यांच्या खाली पणजोबा निघाले, नव्वदी ओलांडलेले. त्यांनी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ करून घेतली. ते निजामाच्या शाळेत शिकलेले. १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा पाटी-दप्तरात होते. त्यामुळं औटकीच्या खाली उर्दू लागली. दुसऱ्या दिवशी पोरगं अलिफ, बे गिरवत बसलेलं. आईनं कपाळावर हात मारला. पणजोबा मात्र कधी नव्हे ते दोन भाकरी जेवले.

शेवटी यादीत लातूरच्या कॉलेजात नाव लागलं. बापानं नवी पेटी आणली. पहिलीपासून दहावीपर्यंतची पुस्तकं रचून झाल्यावर अकरावीच्या पुस्तकांना जागा उरली नाही.

"राहू द्या," पाया म्हणाला, "ती तिकडं भेटतेत की. ही भेटत नसतेत."