मु. पो. ऑर्लँडो

चि. भाचेबुवा,
स्वयंनियुक्त सहल-नियंत्रक, एडिसन आगार, न्यू जर्सी,
यांस ठाण्याहून मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, ‘ऑर्लँडो फायनल फायनल ४’ हे तुझं एक्सेल शीट पोचलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणली आणि तांबडं पेन घेऊन बसलो. उभी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसापुढे वेळापत्रक टाकलंस, तर तो ते वाचून बाजूला ठेवणार नाही, तपासणारच. माझे शेरे सगळ्यांना कळावेत म्हणून हे पत्र कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो आहे.

आधी कौतुक. सात दिवसांत डिस्नेची चारही पार्कं, युनिव्हर्सलची तीन, लेगोलँड, केनेडी स्पेस सेंटर आणि शिवाय ‘मियामी (हाफ डे)’. गणपतीत कोकणच्या जादा गाड्या सोडताना आम्हीसुद्धा एवढी हिंमत केली नाही. ऑर्लँडो ते मियामी सुमारे ३८० किलोमीटर, म्हणजे मुंबई-कोल्हापूर. ते अर्ध्या दिवसात जाऊन-येऊन? अंबाबाईचं मुखदर्शनसुद्धा इतक्या घाईत कुणी उरकत नाही. बरं, हे सगळं जुलैतच का, तर धाकटी ऑगस्टमध्ये तीन वर्षांची होते आणि डिस्नेत तिनाच्या आतल्या पोरांना तिकीट नाही. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर जातं, त्यामुळे तुझी ही नजर मला समजते. मिसरूड फुटलेली हाफ तिकिटं आमच्या कंडक्टरांनी पुष्कळ पाहिली आहेत. पण आपल्याकडे पंचाहत्तरी ओलांडली की एसटी फुकट; तिथे तुझ्या सासऱ्यांना तसली सवलत नाही. म्हणजे एक तिकीट वाचवायला उरलेल्या नऊ जणांनी जुलैच्या उन्हात उभं राहायचं.

तरी वेळापत्रकाचं मी सोडून देतो. कागदावरच्या फेऱ्या कागदावरच रद्द होतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मुक्काम मात्र एकदा बुक झाला की झाला. तुझ्या ‘स्टे’ टॅबमध्ये पाच पर्याय आणि सगळ्यांना फूटपट्टी एकच : ‘पर हेड पर नाइट’. आमच्याकडे मुक्कामी गाडी कुठे ठेवायची हे ठरवताना पहिली फेरी सुरू होईपर्यंत गाडी किती किलोमीटर रिकामी पळणार, हे पाहायचे. त्याला डेड किलोमीटर म्हणतात. डिझेल जळतं, टायर झिजतात, माणूस दमतो आणि एक तिकीट फाटत नाही. तुझ्या शीटमध्ये सदतीस रकाने आहेत, त्यात हा रकाना नाही.

पर्याय एक, हिरव्या रंगात, पुढे तीन तारे : डेव्हनपोर्टचा पाच बेडरूमचा बंगला, स्वतःचा पोहण्याचा तलाव, ‘डिस्नेपासून १० मिनिटं’. ही दहा मिनिटं कुणी मोजली, कुठून कुठपर्यंत मोजली, पहाटे तीनला मोजली का, याचा शोध घे. डिस्नेची हद्द सुरू होणं आणि डिस्नेत पोचणं यात बरंच अंतर आहे, आणि ते मुद्दाम ठेवलेलं आहे. त्याची कथा ऐक. १९५५ साली वॉल्ट डिस्नेने कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. ताब्यात जमीन थोडी, त्यामुळे बघता बघता भोवती मोटेलांचा गराडा पडला. लोक खेळायला त्याच्याकडे आणि झोपायला शेजाऱ्याकडे. हे त्याला इतकं लागलं की फ्लोरिडात त्याने नावापुरत्या कंपन्या काढून, कुणाला सुगावा लागू न देता, सुमारे २७,००० एकर जमीन जमवली. म्हणजे शंभराहून जास्त चौरस किलोमीटर. पार्क १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं ते पाहायला तो राहिला नव्हता, १९६६ मध्येच गेला. पण शेजाऱ्याला दूर ठेवायची त्याची व्यवस्था चोख राहिली. तू अ‍ॅनाहाइमला निघाला असतास तर मी तुझं शीट सही-शिक्क्यानिशी पास केलं असतं. तिथे समोरच्या रस्त्यावरच्या मोटेलातून माणूस चालत गेटवर जातो. ऑर्लँडोत बाहेर राहणाऱ्याने गाडीत बसायचं, हे वॉल्टनेच ठरवून ठेवलं आहे.

आणि गाडी लावली म्हणजे पार्क आलं असंही नाही. मॅजिक किंगडमचं पार्किंग तळ्याच्या अलीकडे, पार्क पलीकडे. मध्ये ‘ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर’ नावाचा स्टँड. तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट पकडायची. दहा माणसं म्हणजे दोन गाड्या, दोन पार्किंगचे पैसे, आणि दोन्ही गाड्यांनी एकमेकींना फोन करत ‘आम्ही डोनाल्डच्या लाइनीत, तुम्ही कुठे?’ हे आलंच. यात बाबागाडी उघडणं-मिटणं आणि ताईचा गुडघा धर. ताईचा गुडघा नवा बसवला आहे हे तुला माहीत आहे, कारण ऑपरेशनच्या वेळी तूच व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना प्रश्न विचारत होतास. शीटमध्ये मात्र तिचा वेग तुझ्याइतकाच धरलेला दिसतो.

बंगल्याच्या रकान्यात तू ठळक अक्षरात लिहिलं आहेस : ‘फुल किचन! ब्रेकफास्ट + डिनर घरी = मोठी बचत’. बचत कुणाची हे कळलं, कष्ट कुणाचे ते लिहिलेलं नाही. मी सांगतो. सकाळी सव्वासहाला मामी पोह्यांना फोडणी घालणार, सूनबाई पोरांचे डबे भरणार, विहीणबाई ‘मी काही करू का’ म्हणत मधोमध उभ्या राहणार, आणि ताई बसल्या बसल्या कांदा चिरणार. तू त्या वेळी फोनवर रांगेचे आकडे बघत ‘वी आर ऑलरेडी लेट’ म्हणणार. रात्री अकराला आतषबाजी बघून परतल्यावर कुकर लावायचा. हे सगळं सात समुद्र ओलांडून करायचं असेल तर आमचं ठाण्याचं किचन काय वाईट आहे? गॅस पाइपचा आहे.

पाच बेडरूम हेही प्रकरण दिसतं तितकं साधं नाही. मोठी मास्टर बेडरूम कुणाला? तुझ्या आई-वडिलांना दिलीस तर सासू-सासरे हसून ‘आम्हाला काय, कुठेही चालेल’ म्हणतील. हे वाक्य ज्या स्वरात म्हटलं जातं तो स्वर पुढची वीस वर्षं टिकतो. सासू-सासऱ्यांना दिलीस तर तुझे बाबा काही बोलणार नाहीत, आणि दाजींचं न बोलणं काय असतं ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरच्या खोल्या कुणाला, अटॅच्ड बाथरूम किती, मिकी माउसच्या पलंगपोसाच्या खोलीत मामा-मामीला झोपवणं शोभतं का, या प्रश्नांना एक्सेलमध्ये फॉर्म्युला नाही. हॉटेलच्या सगळ्या खोल्या सारख्या असतात. मानपानाच्या दृष्टीने हा हॉटेलांचा फार मोठा गुण आहे आणि कुठल्याही जाहिरातीत तो लिहिलेला नसतो.

पर्याय दोन, इंटरनॅशनल ड्राइव्हवरचं फुकट नाश्त्याचं हॉटेल : रिसॉर्ट फी वेगळी, शटल सकाळी एकदा आणि रात्री एकदा. शटल चुकली की वस्तीची गाडी चुकल्यासारखं होतं. पर्याय तीन ‘ड्रीम’ या नावाखाली घातला आहेस : डिस्नेचं कंटेम्पररी. आहे खरं देखणं. पोटातून मोनोरेल जाते. १९७१ साली खोल्या वेगळ्या तयार करून क्रेनने पोलादी चौकटीत बसवल्या होत्या. निक्सनसाहेबांनी १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये याच हॉटेलात संपादकांसमोर आपण लबाड नसल्याचं जाहीर केलं होतं. आमच्या खात्यात एखाद्याला असं जाहीर सांगावं लागलं की चौकशी बसलीच समजायची. दहा माणसांचा तिथला खर्च वाचून मी पेन खाली ठेवलं. पर्याय चार, युनिव्हर्सलच्या तीन महागड्या हॉटेलांपैकी एक. राहणाऱ्यांना रांग टाळायचा एक्सप्रेस पास मिळतो म्हणून तू भाळलास. तो पास जुन्या दोन पार्कांत चालतो, २०२५ च्या मे महिन्यात उघडलेल्या एपिक युनिव्हर्समध्ये नाही. आणि तुझे मोठे चिरंजीव तर एपिकसाठीच हटून बसले आहेत.

पाचवा पर्याय वाचताना मात्र मला पाणी मागवावं लागलं. ‘स्प्लिट स्टे – बेस्ट ऑफ ऑल’. दोन रात्री डेव्हनपोर्ट, दोन डिस्ने, दोन युनिव्हर्सल. म्हणजे दर दोन दिवसांनी दहा माणसांच्या अठरा बॅगा, राइस कुकर, मेतकुटाची बरणी, दाजींचं बीपीचं मशीन आणि वाळत घातलेले टॉवेल गोळा करून बिऱ्हाड हलवायचं. चेक-आउट सकाळी, चेक-इन दुपारी. मधल्या वेळात हे सामान गाडीत आणि गाडी उन्हात. लोक बदली टाळायला मंत्रालयात खेटे घालतात आणि तू आपण होऊन सहा रात्रींत दोन बदल्या मागून घेतल्यास.

आता जुलैचं ऐक. फ्लोरिडाच्या द्वीपकल्पावर उन्हाळ्यात दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्री वारे आत येतात आणि मधोमध भिडतात, म्हणून दुपारी ढग चढतात, विजा कडाडतात. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद. त्या आधीचं ऊन असं की डांबर मऊ पडावं. या दुपारी एक ते साडेचारच्या रकान्यात तू काय लिहिलं आहेस? ‘पार्क हॉप – अ‍ॅनिमल किंगडम टू एपकॉट’. आमच्या वेळी मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता. दिवसाची ड्यूटी आठ तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. लाल डब्याच्या ड्रायव्हरला जे मिळायचं ते तू आपल्या सासऱ्यांना नाकारतोस. परवा त्यांचा नाशिकहून फोन आला होता. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, ‘मामासाहेब, तिथे दुपारी पडायला मिळेल ना हो?’ जावयाला विचारायला संकोच वाटला म्हणाले.

हॉटेल या एका प्रश्नावर निवडायचं असतं. दुपारी दीडला, पोरगी रडून लाल झालेली असताना, गेटपासून पलंगापर्यंत किती वेळ? बंगल्याचं उत्तर दीड तास असेल तर तू परत जाणारच नाहीस. संध्याकाळपर्यंत सगळे ओल्या कपड्यांत आइस्क्रीमच्या दुकानाच्या वळचणीला उभे राहतील आणि आतषबाजीच्या वेळी धाकटी झोपलेली असेल.

म्हणून माझी दुरुस्ती. डिस्नेच्याच आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन हॉटेलात सहा जणांचा फॅमिली स्वीट घे, आणि समोर तळ्यापलीकडे पॉप सेंचुरीत चार जणांची खोली. दोन्हींच्या मध्ये पूल आहे आणि पुलावरच स्कायलायनरचं स्टेशन. २०१९ पासून हे हवेतले पाळणे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जातात. व्हीलचेअरही आत जाते. विजा असल्या की बंद पडतात हे खरं, पण तेव्हा आपण खोलीत घोरत असू. मॅजिक किंगडमला बस, गाडी काढायलाच नको. डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, आणि रांग टाळायच्या लाइटनिंग लेनचं बुकिंग सात दिवस आधी उघडतं. बाहेरच्यांना तीन दिवस. भाडं पर हेड बंगल्यापेक्षा जास्त पडेल. पार्किंग, दुसरी गाडी आणि मामीच्या सकाळचे तास त्यात वजा करून मग मला आकडा दाखव. स्वीटमध्ये तुम्ही चौघे आणि ताई-दाजी. खोलीत आम्ही दोघे आणि तुझे सासू-सासरे. दाजी आणि सासरेबुवा यांच्यात एक तळं असलेलं बरं, दोघांनाही राजकारणाची आवड आहे.

मियामी रद्द. लेगोलँड रद्द. युनिव्हर्सलला एक दिवस तू आणि चिरंजीव दोघंच जा, एपिक बघा, आणि आम्हाला फोटो पाठवू नका. एडिसनहून रात्री निघून सोळा-सतरा तास गाडी हाणायचं जे पहिल्या ओळीत लिहिलं आहेस, त्यावर एकट्या ड्रायव्हरने रातराणी नेल्याबद्दल तुला निलंबित करून चौकशी लावतो आहे. विमानाची तिकिटं बघ.

सुधारित वेळापत्रक रविवारपर्यंत पाठवावे. कळावे, लोभ असावा.

तुझा
मामा

ता. क. – राइस कुकर मामीने बॅगेतून काढून माळ्यावर ठेवला आहे. तिला त्याबद्दल कुणी विचारू नये.