बॉनेटपुढचं खंडपीठ

गाडी सुरू होईना म्हणून सोसायटीत कुणी बॉनेट उघडलं, की निवृत्त काकांचं खंडपीठ बसतं. एक काका प्लगवर अडलेले, दुसरे फ्युएल पंपावर, तिसरे थेट ‘हल्लीच्या गाड्यांत दमच नाही’ या निकालावर. मग धक्का मारायचा ठराव एकमताने मंजूर होतो. गाडी ऑटोमॅटिक आहे, हे घाम गाळून झाल्यावर कळतं. चावी फिरवली की नुसतं ‘टक टक’ आणि हेडलाइट मंद, म्हणजे बहुधा बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर क्षार साचलाय. स्टार्टर जोमात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर पेट्रोल आणि स्पार्क बघावा. गाडी हे स्वतःच सांगत असते. पण तिला बोलू देतो कोण! धडधाकट बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. एक साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा आणि काकांना चहा पाजा.