फोन हातात धरून बारावी : नवशिक्यांसाठी

साहित्य : फोन, अंथरुणापर्यंत पोचेल अशा लांब वायरचा चार्जर आणि फिजिक्सचं पुस्तक.

सुरुवात अभ्यासानेच करावी, कारण घरच्यांना पुस्तक उघडं दिसलं पाहिजे. पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा. दोन ओळी वाचल्या की शंका येते, आणि शंका आली की क्लासच्या ग्रुपवर विचारणं आलंच. तिथे ११४ मेसेज पडलेले असतील. त्यात कुणीतरी एक रील टाकलेली असते. ती उघडावी, तीस सेकंदांचीच तर आहे.

पुढचं आपोआप होतं. पूर्वी पानाला तळ असायचा. 'पुढचं पान' दाबायच्या आधी माणूस क्षणभर थांबायचा, उठून पाणी प्यायचा. २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन डिझायनरने पान खाली सरकवत राहिलं तरी संपूच नये अशी सोय करून ती अडचण दूर केली. त्याला पुढे पश्चात्ताप झाला. तुम्हाला अजून अवकाश आहे.

फोन उशाशीच ठेवावा. २०१७ मध्ये टेक्सासातल्या काही नतद्रष्ट संशोधकांना आढळलं, की मुका केलेला फोन नुसता टेबलावर असला तरी चाचणीत गुण घसरतात. बाहेरच्या खोलीत ठेवणाऱ्यांना जास्त मिळाले. नंतर इतरांना दर वेळी तसंच आढळलं नाही. आई ओरडली तर हे शेवटचं वाक्य कामाला येतं.

आता मुख्य कृती. रात्री दीड वाजता वर्गातल्या हुशार मुलीची स्टोरी बघावी. टेबललॅम्प, पाच रंगांचे हायलायटर, वाफाळती कॉफी, खाली 'डे ४३'. ते हायलायटर रंगवार लावण्यात तिची वीस मिनिटं गेली असतील, हा विचार मनात अजिबात आणू नये. आपला 'डे १' अजून उजाडायचाय, एवढंच आठवावं. पोटात खड्डा पडला की उतारा म्हणून आणखी रील बघाव्यात. मन खट्टू झालं म्हणून फोन, की फोनमुळे मन खट्टू, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. तुम्ही सकाळी पहिल्या तासाला डुलक्या घेत विचार करा.

एक धोक्याची सूचना. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. मामाचं गाव तेच असेल, तर परीक्षेआधी तिकडे फिरकू नका.