तृणच्छेदसिंधू : परदेशातल्या बंद घरासाठी ब्रश कटर निवडण्याचे शास्त्र

उपोद्घात

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये ‘धर्मसिंधू’ पूर्ण केला आणि तिथी, व्रते, सुतक यांविषयीच्या बहुतेक शंका मिटवल्या. परंतु मालक लंडनमध्ये, घर पोर्तुगालमध्ये आणि घराभोवती छातीइतके रान, अशा योगावर पेट्रोलचा ब्रश कटर कोणत्या लक्षणांचा घ्यावा, याबद्दल त्या ग्रंथात एक अक्षर नाही. नंतरच्या निबंधकारांनीही या विषयाला हात लावलेला नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

शास्त्राच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन ही चार अंगे सांगावी लागतात.

अधिकारी : ज्याचे घर परक्या देशात असून वर्षातले दहा-अकरा महिने बंद असते, तो या शास्त्राचा अधिकारी. मध्य पोर्तुगालच्या डोंगरांत असे ब्रिटिश, डच आणि जर्मन गृहस्थ विपुल आढळतात. गावातली तरुण मंडळी पोटासाठी लिस्बनला किंवा फ्रान्सला गेली, दगडी घरे ओस पडून स्वस्त झाली आणि उन्हाला आसुसलेल्या उत्तरेकडच्या लोकांनी ती घेतली. कोकणातले घर गणपतीच्या आदल्या दिवशी उघडणाऱ्या मुंबईकर चाकरमान्याला या माणसाची मनःस्थिती समजावून सांगावी लागणार नाही.

विषय : विषय म्हणजे गवत, परंतु नुसते गवत नव्हे. बंद घराभोवती काटेरी ब्लॅकबेरी, नेचे आणि पिवळ्या फुलांची चिवट झुडपे माजतात आणि उन्हाळ्यात वाळून कोळ होतात. १७ जून २०१७ रोजी पेद्रोगाव ग्रांदे इथे लागलेल्या वणव्यात ६६ माणसे गेली. त्यांतली बरीच पळून जाताना रस्त्यावर, गाड्यांमध्ये जळाली. रानाला लागून असलेल्या घराभोवती ५० मीटरपर्यंतची झाडी आटोक्यात ठेवण्याचा नियम २००६ पासून कागदावर होता. २०१७ च्या वणव्यानंतर तो कागदावरून खाली उतरला आणि दंडाच्या नोटिसा खरोखरच निघू लागल्या. तेव्हा विषय क्षुद्र आहे असे म्हणणाऱ्याने आधी भूमिती करून पाहावी. घर हा एक बिंदू मानला, तरी ५० मीटर त्रिज्येचे वर्तुळ ७,८५४ चौरस मीटर भरते. आपल्या मापाने साडेसत्त्याहत्तर गुंठे, म्हणजे दोन एकरांना जेमतेम अडीच गुंठे कमी. या वर्तुळाचा जो तुकडा ज्याच्या जमिनीत पडतो त्याने तो साफ करायचा असतो, हा एक दिलासा. परंतु शेजारच्या तुकड्याचा मालक तीन पिढ्यांपूर्वी ब्राझीलला गेलेला असू शकतो.

संबंध : मालक आणि गवत यांच्यात व्यस्त संबंध आहे. एक गेला की दुसरे येते.

प्रयोजन : दंड टाळणे. कापणीची नेहमीची मुदत ३० एप्रिल. पाऊस लांबला की सरकार ती बहुधा पुढे ढकलते. हा एक प्रकारचा अधिक मास होय आणि त्यात करायचे पुण्यकर्म एकच.

पूर्वपक्ष

या विषयात तीन मते प्रबळ आहेत.

पहिले मत सीसीवाद्यांचे. ‘जितके सीसी जास्त, तितके यंत्र श्रेष्ठ’ हे त्यांचे महावाक्य. बाजारात बिननावाचा, ५२ सीसीचा, लाल-काळा ब्रश कटर अचंबा वाटावा इतका स्वस्त मिळतो आणि या पंथात दीक्षा घेणारे बहुतेक त्याच दारातून आत जातात. त्यांचे खंडन वजनकाटा करतो. २५ सीसीचे यंत्र साधारण पाच किलो भरते, ४५ सीसीच्या पुढचे आठ किलोच्या आसपास जाते, आणि ते खांद्याच्या पट्ट्याला लटकवून उतारावर वागवायचे असते. मालक एरवी खुर्चीवर बसून उपजीविका करणारा असल्याने, यंत्राचे अश्वबळ वाढते तसे त्याचे मनुष्यबळ घटते. ३५ ते ४० सीसी हा मध्यममार्ग. काटेरी जाळी त्याला दबते आणि कंबर तक्रार करीत नाही.

दुसरे मत अजवाद्यांचे. शेळ्या पाळाव्या, त्या खातात, गुरगुरत नाहीत आणि वर दूध देतात. युक्तिवाद निर्दोष आहे, पण शेळीला रोज संध्याकाळी घरी आणणारा माणूस लागतो, आणि असा माणूस घरात असता तर हा ग्रंथच लिहावा लागला नसता.

तिसरे मत विद्युत्वाद्यांचे. ते म्हणतात, बॅटरीचा कटर घ्या. या मताचे खंडन करताना लेखणी किंचित अडखळते, आणि का ते पुढे मुख्य सिद्धांतात कळेल. तूर्त एवढेच म्हणता येते की दोन एकर जाळी कापायची तर बॅटऱ्यांचा ढीग लागतो, तो यंत्रापेक्षा महाग पडतो, आणि ज्या घरात अजून विजेची जोडणीच आलेली नाही तिथे तो चार्ज करणार कुठे?

द्वैताद्वैत-विचार

पेट्रोलवाद्यांत तीन संप्रदाय आहेत आणि त्यांचा वाद तेलाच्या स्वरूपाविषयी आहे.

टू-स्ट्रोक इंजिन अद्वैती. त्यात तेल आणि पेट्रोल वेगळे राहत नाहीत. पाच लिटरात १०० मिलीलिटर तेल मिसळले की एकच तत्त्व उरते. इंजिन हलके, बांधणी सोपी, पण मिसळताना प्रमाण चुकले तर शिक्षा तत्काळ होते. तेल विसरून नुसते पेट्रोल भरणाऱ्याचे सिलिंडर काही मिनिटांत चरे पडून जाते.

फोर-स्ट्रोक इंजिन द्वैती. तेल खाली, पेट्रोल वर, दोघांनी आपापल्या पायरीने राहावे. होंडाने या मताची लहान इंजिने केली आणि ती कशीही तिरपी धरली तरी चालतात. आवाज थोडा सौम्य, धूर कमी. पण यंत्र जड, आणि तेल बदलण्याचे व्रत पाळावे लागते.

स्टील या जर्मन कंपनीने फोर-स्ट्रोक इंजिनात मिश्रित पेट्रोल घालण्याची रचना काढली, ती उघडच विशिष्टाद्वैत. तिन्ही संप्रदायांचे अनुयायी परस्परांना अज्ञानी मानतात. शिळे पेट्रोल घातले असता तिन्ही इंजिने सारख्याच निष्ठेने बंद पडतात, इकडे मात्र कोणी लक्ष वेधत नाही.

आयुधविचार

फिरत्या दोरीने गवत कापण्याच्या पंथाचे आद्याचार्य ह्यूस्टनचे जॉर्ज बालस. व्यवसायाने ते नृत्यशाळा चालवीत. १९७१ मध्ये गाडी धुण्याच्या केंद्रातले फिरते ब्रश पाहून त्यांनी एका डब्याला भोके पाडली, त्यांतून मासेमारीची दोरी ओवली आणि डबा यंत्राला लावून फिरवला. नायलॉनच्या दोरीची परंपरा तिथून चालत आली. गवत आणि दगडी बांधाच्या कडा यांना हीच दोरी योग्य. दगडाला लागली तर झिजते, तडकत नाही.

काटेरी जाळीला मात्र तीन दातांचे पोलादी पाते लागते आणि मनगटाएवढ्या खोडाला करवती चकती. वरून पाहता पाते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणून कापण्याचा फटका उजवीकडून डावीकडे. पात्याच्या तबकडीवर घड्याळ कल्पिले तर बारा ते तीन हा त्याचा राहुकाळ. या भागात खोड अडकले की यंत्र उसळून उजवीकडे झेपावते, तेव्हा तिथे कोणतेही शुभकार्य आरंभू नये. यंत्र चालू असता १५ मीटरच्या आत कोणी येऊ नये, इतके कडक सोवळे. चेहऱ्यावर जाळी, कानांवर मफ आणि पायांत जाड बूट ही त्या सोवळ्याची वस्त्रे.

मुठींचेही दोन भेद आहेत. सायकलच्या हँडलसारखी रुंद मूठ सपाट, मोकळ्या जागेला. बंद कडीची मूठ उताराला आणि अडचणीच्या जागेला. पोर्तुगालच्या डोंगरांतली शेते पायऱ्यापायऱ्यांची असल्याने तिथे कडी सरस ठरते, पण कडीसोबत पाते वापरायचे तर पाऊल पात्याकडे जाऊ न देणारा अडसर हवाच.

इथे कालनिर्णय महत्त्वाचा. पोलादी पाते दगडावर आपटले की ठिणगी उडते. वणव्याचा धोका वाढून पोर्तुगालमध्ये सावधानतेचा इशारा जाहीर झाला की धातूच्या पात्याचे ब्रश कटर रानात चालवण्यावर बंदी येते. आग लागू नये म्हणून झाडी कापायला निघालेल्यानेच आग लावावी, असा प्रसंग टाळण्याची ही तरतूद. म्हणून हिवाळ्याच्या ओलाव्यात पाते, वसंतात दोरी आणि भर उन्हाळ्यात हात खिशात.

मुख्य सिद्धांत

आता ग्रंथाचा गाभा. वर्षाचे तास ८,७६०. मालक कितीही उत्साही असला तरी यंत्र वर्षाकाठी चाळीस तास चालले म्हणजे पुष्कळ. उरलेले ८,७२० तास ते अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून असते. आयुष्याचा साडेनव्याण्णव टक्के भाग जे यंत्र काहीही न करण्यात घालवते, त्याची परीक्षा उरलेल्या अर्ध्या टक्क्यावरून करणे हा सर्व पूर्वसूरींचा मूलभूत दोष आहे. सीसी, अश्वबळ, संप्रदाय ही चालण्याची लक्षणे. परदेशातल्या घराचे यंत्र निवडावे ते त्याच्या बसून राहण्याच्या गुणावर.

बसून राहिलेल्या यंत्राला मारक असते ते पेट्रोल. त्यातला हलका अंश उडून जातो, खाली चिकट राळ उरते आणि कार्बोरेटरची केसाएवढी छिद्रे बुजवते. इथेनॉल मिसळलेले असेल तर ते हवेतले पाणीही ओढून घेते. भारतात ई-२० वरून वाद घालणाऱ्या गाडीवाल्यांनी आपली गाडी निदान रोज चालते याबद्दल समाधान मानावे. यावर उपाय दोन. घर बंद करण्यापूर्वी टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करावा. किंवा अल्किलेट नावाचे शुद्ध इंधन वापरावे. त्यात इथेनॉल नसते आणि ते बंद डब्यात काही वर्षे टिकते. पंपावरच्या पेट्रोलपेक्षा ते कितीतरी महाग पडते, पण वर्षाला चाळीस तास चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत महागाई ही केवळ भावना आहे.

विद्युत्वाद्यांपुढे लेखणी का अडखळली, ते आता ध्यानात येईल. बसून राहण्याच्या परीक्षेत बॅटरी पेट्रोलला सहज हरवते. पेट्रोलचा विजय झाला आहे तो जाळीच्या जाडीमुळे आणि विजेच्या गैरहजेरीमुळे, गुणवत्तेमुळे नव्हे. प्रामाणिक निबंधकाराने हे लपवू नये.

क्रयविधी

यंत्र मायदेशात घेऊन न्यावे की तिथेच घ्यावे? एकदा पेट्रोल प्यालेले इंजिन विमान कंपन्या सामानात घेत नाहीत. गाडीतून नेले तर बिघडल्यावर हमीसाठी तितकेच अंतर उलटे जावे लागते, आणि ब्रेक्झिटनंतर वाटेत कस्टम्सचे नाके आले आहे. पोर्तुगालमध्ये घेतलेल्या नव्या वस्तूला २०२२ पासून तीन वर्षांची कायदेशीर हमी आहे. तेव्हा घराजवळच्या तालुक्याच्या गावी, शेतीअवजारांच्या दुकानात जावे. दुकान दुपारी बंद असेल. पुणेकर ग्राहकाला त्याने परके वाटण्याचे कारण नाही.

दुकानात मॉडेलची चौकशी करू नये. आधी मागच्या बाजूला डोकावून दुरुस्तीचे टेबल आहे का ते पाहावे. टेबलावर ज्या कंपनीची यंत्रे उघडून पडलेली असतील, तीच कंपनी घ्यावी. ती वारंवार बिघडते असा याचा अर्थ सामान्य जन काढतील. शास्त्रार्थ असा की तिचे सुटे भाग इथे मिळतात आणि ती उघडू शकणारा हात इथे आहे. हुस्क्वार्ना ही स्वीडिश कंपनी १६८९ मध्ये बंदुका बनवण्यापासून सुरू झाली, हा इतिहास रम्य आहे; पण तिच्या कार्बोरेटरचा डायफ्राम गावात मिळत नसेल तर तो इतिहास दोरी ओढायला येत नाही.

फलश्रुती

जो गृहस्थ हा ग्रंथ घर बंद करण्यापूर्वी वाचेल, त्याचे यंत्र पुढल्या वसंतात तिसऱ्या ओढीला सुरू होईल. जो घर उघडल्यावर वाचेल, त्याला मेकॅनिकचा पत्ता सापडेल. जो नोटीस आल्यावर वाचेल, त्याला भाड्याने माणूस मिळेल, परंतु मुदत सर्वांची एकच असल्याने तो मे महिन्यात येईल. आणि ज्याने वाचण्याआधीच ५२ सीसीचा लाल-काळा कटर मागवला आहे, त्याला या ग्रंथाचे कोणतेही फळ नाही. त्याने शेळी पाहावी.