रॅक घाटाखाली मिळेल

निघालो होतो लोणारला. २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, तेव्हापासून सरोवर पाहायचं मनात होतं. आमची जुनी झेन मात्र बुलढाण्यापर्यंतच आली. स्टिअरिंग वळवलं की ती क्षणभर विचार करायची आणि मग तिला पटलं तर वळायची. घरी माझ्या शब्दाला हीच वागणूक मिळते, त्यामुळे सुरुवातीला मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मिस्त्री गाडीखाली गेला, खडखड आवाज काढला आणि तिथूनच बोलला, "मधी लय प्ले आहे साहेब. रॅक गेला."

रॅक म्हणजे आडवा दातेरी दांडा. स्टिअरिंग फिरवलं की खालचं पिनियन त्याला डावी-उजवीकडे सरकवतं आणि त्याच्या टोकांचे टाय रॉड चाकं वळवतात. गाडी जन्मभर बहुतेक सरळच चालते, म्हणून झिजतात ते मधलेच दाते. ढिलेपणा काढायला नट आवळावा, तर न झिजलेल्या कडांना स्टिअरिंग जाम होतं. सरळमार्गी प्राण्याचं मधल्या वयात काय होतं, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"नवा?"

"झेन २००६ ले बंद झाली. घाटाखाली पाहा, खामगावले."

या जिल्ह्याचे खरे भाग दोनच, घाटावर आणि घाटाखाली. वरच्यांना वाटतं माल खाली मिळतो. खालच्यांचं मत बरोबर उलटं.

एसटी बोथ्याच्या रस्त्याने ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरली. याच जंगलात २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरचा एक वाघ येऊन पोचला होता, तेलंगणातून वळसा घेऊन. पुढे त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर मोजली गेली. जोडीदारीण शोधत होता म्हणतात. गळ्यात कॉलर असलेला तो आणि हातात पिशवी असलेला मी, दोघांची अडचण एकच: जुळणारं मिळत नव्हतं.

खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध. मी तिथे लोखंड विचारत हिंडलो.

भंगारवाल्याने पहिला प्रश्न टाकला, "पॉवर का साधा?" हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या रॅकला तेलाच्या नळ्या असतात, आमचा साधा, मनगटाच्या जोरावरचा. मिस्त्रीने पढवून पाठवलं होतं. रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा, मधे ढिला आणि कडांना घट्ट असेल तर खाली ठेवा. रबरी बूट दाबून पाहा. फाटला असेल तर आत माती गेलीच. माउंटिंगच्या भोकांमधलं अंतर जुन्याशी ताडून पाहा. पण जुना रॅक अजून गाडीतच होता, त्यामुळे ताडायला समोर माझाच चेहरा होता.

"झेनचाच आहे भाऊ, नाव वाचा ना!" त्याने डिकीचं झाकण दाखवलं. नाव खरंच होतं. पुढे काहीतरी तुटल्याच्या खुणा होत्या.

पैसे मोजताना लक्ष गेलं ते मागच्या भिंतीकडे. फळीवर गजानन महाराजांच्या लहान लहान मूर्ती आणि तसबिरी ओळीने मांडलेल्या. काहींच्या पाठीला डॅशबोर्डचा गोंद तसाच. गाडी तोडायला घेण्याआधी तो त्या काढून ठेवतो. "ते भंगारात नसते जात," एवढंच म्हणाला. फळी पुसलेली होती. त्या दुकानात पुसलेली तेवढीच. पुढे घासाघीस करायचं मला जमलं नाही.

परतीच्या बसमध्ये पोत्यातला रॅक मांडीवर आडवा, ग्रीस पँटवर. शेजारच्या आजींनी विचारलं, "हे काय होय बापू?"

"गाडीचं स्टिअरिंग, आजी."

"मंग गाडी कुठी आहे?"

"बुलढाण्याले."

आजींनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी पलीकडच्या बाजूला घेतली.

मिस्त्रीने पोतं सोडलं, दोन्ही रॅक शेजारी ठेवले आणि हसायला लागला. २००६ च्या डिसेंबरात झेन याच नावापुढे 'एस्टिलो' जोडून वेगळीच गाडी बाजारात आली होती. ती वॅगन आरच्या कुळातली. जुन्या झेनशी नातं फक्त नावाचं. भोकं जुळेनात, लांबी जुळेना. झाकणावरून तुटलेला शब्द कोणता, ते आत्ता कळलं.

"आता काय?"

"मलकापूरले पाहा."

मलकापूरही घाटाखालीच.

तेव्हा विनंती अशी: कुणाच्या गोठ्यामागे २००६ च्या आधीची, साध्या स्टिअरिंगची झेन उभी असेल, तर तिच्यावर कोंबड्या बसवण्याआधी बुलढाण्यातल्या कुठल्याही मिस्त्रीकडे निरोप ठेवा. एस्टिलोवाल्यांनी तसदी घेऊ नये. उलट त्यांना रॅक हवा असेल, तर एक माझ्याकडे आहे. बूट शाबूत.