हरकती मागे, सूचना एक

आमच्या गल्लीच्या टोकाला भाड्याच्या घरांची इमारत होणार, खाली दुकानं, दवाखाना आणि पाळणाघर येणार, अशी बातमी आली आणि मुंबईच्या या उपनगरात अभूतपूर्व एकी झाली. पार्किंगवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले लोक एकाच निवेदनावर सह्या करू लागले. त्यासाठी विकास आराखड्यात बदल करायचा तर १९६६च्या नगररचना कायद्यातल्या कलम ३७नुसार नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुदत महिन्याची. आम्हाला सोसायटीच्या सभेची एक संध्याकाळ पुरली.

हरकत पहिली: भाडेकरू आले की वातावरण बिघडतं. ही अण्णांची. अण्णा वाढले गिरगावच्या चाळीत. खाली वाणी आणि पिठाची गिरणी, वर ओळीनं खोल्या आणि खोल्यांत झाडून सारे भाडेकरू. १९४७च्या भाडे कायद्यानं तिथली भाडी १९४०च्या पातळीवर गोठवून ठेवली होती. कायदा तात्पुरता होता. मुदतवाढी घेत घेत तो विसावं शतक संपेपर्यंत टिकला. त्या भाड्यातून वाचलेल्या पैशांवर अण्णांचं शिक्षण झालं, लग्न झालं आणि इथला फ्लॅटही झाला. तेव्हा वातावरण बिघडलं नाही, कारण भाडेकरू अण्णा होते.

हरकत दुसरी: बॅचलर पोरं येतील. ही सेक्रेटरींची. त्यांच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये अशी चार पोरं राहतात. पण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असल्यानं कायद्याच्या भाषेत ती भाडेकरू नव्हेत.

हरकत तिसरी: दुकानांमुळे गर्दी होईल. ही मांडणाऱ्या वहिनींचं कोथिंबिरीचं पार्सल तेवढ्यात आलं. त्यांच्या फाटकाशी अशी पार्सलं आणणाऱ्या आणखी पाच मोटारसायकली उभ्या होत्या.

चौथी हरकत मुद्द्याची होती: मुंबईत घरं कमी आहेतच कुठे? २०११च्या जनगणनेत इथं पावणेपाच लाखांवर घरं रिकामी सापडली होती. ती भाड्यानं का देत नाहीत, असं एका तरुणानं विचारलं. तो स्वतःच भाडेकरू निघाल्यानं त्याला सभेत मत नव्हतं.

सभेला आलेला बिल्डर अनुभवी होता. २००८मध्ये एमएमआरडीए या सरकारी प्राधिकरणानं भाड्यासाठी म्हणून १६० चौरस फुटांच्या खोल्यांची योजना काढली. पनवेलजवळच्या कोन इथल्या अशा खोल्या पुढे दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना विकत दिल्या गेल्या. सरकारला जे भाड्यानं देववलं नाही, ते आपण का द्यावं, हा धडा त्यानं घेतला होता. सभेत उठून तो एवढंच म्हणाला, "घरं भाड्यानं देत नाही, विकतो. पहिला हक्क तुमचा, दरात सवलत."

अण्णांनी दोन फ्लॅट बुक केले, सेक्रेटरींनी तीन. हरकती एकमतानं मागे घेतल्या गेल्या. सूचना मात्र एक नोंदवली: फ्लॅटबरोबर भाडेकरूही बिल्डरनंच शोधून द्यावा. बॅचलर चालेल.